शब्द संपतात तिथून पुढे : ओटिस रेडिंग आणि सोल संगीत

१९६६ सालचं एक ध्वनिमुद्रण आहे, 'ट्राय अ लिटल टेंडरनेस'. गाणं त्या वेळीही जुनंच होतं, १९३२ चं. मधली तीसेक वर्षं मोठमोठ्या वाद्यवृंदांसोबत, केस चापून बसवलेल्या गायकांनी ते गोडगोड गायलं होतं. ओटिस रेडिंगच्या ध्वनिमुद्रणात सुरुवातीला ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन एक छोटीशी ओळ वाजवून बाजूला होतात. मग ऑर्गनची संथ लाट, गिटारचे तुरळक स्वर, आणि पंचविशीतला एक पुरुष रोज तेच ते कपडे घालून थकलेल्या बाईबद्दल हलक्या आवाजात सांगू लागतो. पुढे ड्रमवाला येतो, पण ड्रम बडवत नाही. ड्रमच्या कडेवर काडीने नुसतं टिक टिक टिक करत राहतो, भिंतीवरच्या घड्याळासारखं. एकेक वाद्य आत येत जातं, ठेका घट्ट होत जातो. आणि जिथे गाणं रीतसर संपायला हवं तिथे ओटिस थांबतच नाही. शब्द केव्हाच संपलेले असतात. उरतात नुसती अक्षरं, 'गॉटा, गॉटा, ना-ना-ना'. चार मिनिटांच्या आत हा माणूस कुजबुजीपासून आरोळीपर्यंत पोचलेला असतो, आणि ऐकणाऱ्याला मधला जिना कुठे चढलो ते कळत नाही.

सोल संगीत म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला व्याख्या सांगण्याऐवजी या गाण्याचं शेवटचं मिनिट ऐकवावंसं वाटतं. कारण सोलचं सगळं मर्म त्या मिनिटात आहे : शब्द अपुरे पडतात तिथे गळा पुढे जातो. हे ज्यांना सगळ्यात चांगलं जमलं, त्यांच्यात ओटिस रेडिंग अगदी वरचा. त्याला कामाला मिळाली जेमतेम पाच वर्षं. गेला तेव्हा तो २६ वर्षांचा होता.

आधी हा प्रकार आला कुठून ते पाहू. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही कृष्णवर्णीयांना स्वतःची म्हणावी अशी सार्वजनिक जागा एकच होती, त्यांचं चर्च. तिथलं प्रवचन शांतपणे वाचून दाखवायचं नसतं. प्रवचनकार बोलायला सुरुवात करतो, बोलता बोलता त्याच्या वाक्यांना लय येते, लयीला सूर लागतो, आणि समोरची मंडळी प्रत्येक वाक्याला हुंकार देतात, टाळ्या देतात, उत्तर देतात. बुवांनी ओळ टाकायची आणि टाळकऱ्यांनी ती उचलायची, हे ज्यांनी कीर्तनात पाहिलंय त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. चर्चमधल्या या अशा गाण्याला गॉस्पेल म्हणतात. चर्चच्या बाहेर, शेतांवर आणि गुत्त्यांमध्ये दुसरं गाणं वाढत होतं, ब्लूज : गरिबी, विरह, दारू, नशीब यांचं. श्रद्धाळू घरांत ब्लूजला सैतानाचं संगीत म्हणत.

१९५० च्या दशकात काही धाडसी गायकांनी हे दोन्ही एकत्र केलं. रे चार्ल्सने गॉस्पेलच्या चालीवर प्रेमाचे शब्द बसवले. सॅम कुक गॉस्पेलच्या जगातला मोठा तारा होता, तो १९५७ मध्ये ते जग सोडून प्रेमगीतांकडे वळला. चर्चमधल्या लोकांना हा विश्वासघात वाटला. पण गळा तोच राहिला. देवासमोर व्याकूळ व्हायची जी रीत होती, ती आता माणसासमोर व्याकूळ व्हायला वापरली जाऊ लागली. सोल म्हणजे हे.

ओटिसचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, जॉर्जिया राज्यातल्या डॉसन या लहानशा गावातला. वडील वाट्याने दुसऱ्याची जमीन कसत. मुलगा दोन-तीन वर्षांचा असताना कुटुंब मेकन शहरात आलं आणि टिंडल हाइट्स या सरकारी वसाहतीत राहू लागलं. वडिलांना हवाई दलाच्या तळावर काम मिळालं, रविवारी ते चर्चमध्ये प्रवचन करत. ओटिस चर्चच्या गायकवृंदात गायचा. पुढे रविवारी सकाळी स्थानिक रेडिओवर गॉस्पेल गाऊन तो सहा डॉलर मिळवू लागला. वडिलांना क्षयाने गाठलं, ते सारखे इस्पितळात असायचे, म्हणून पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली. पेट्रोल पंपावर काम केलं, विहिरी खणल्या. सहा फुटांहून उंच अशा त्या धिप्पाड देहाकडे आणि त्या छातीतून निघणाऱ्या आवाजाकडे पाहिलं की मला त्या विहिरी आठवतात. तो आवाज खोलातून उपसून आणल्यासारखा आहे.

मेकनमध्ये तेव्हा वर्णभेद कायद्याने चालत होता. शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, नाटकघरं वेगळी. कृष्णवर्णीयांचं नाटकघर म्हणजे डग्लस थिएटर. तिथे होतकरू पोरांची गाण्याची स्पर्धा व्हायची, बक्षीस पाच डॉलर. ओटिसने ती सलग १५ आठवडे जिंकली. रॉक अँड रोलचा गाजलेला गायक लिटल रिचर्ड मेकनचाच, आणि सुरुवातीचा ओटिस म्हणजे जवळजवळ त्याचीच नक्कल. तसंच किंचाळणं, तशीच घाई. सॅम कुकचा लडिवाळ सूरही त्याने मनापासून घोटला होता. पण हे दोन्ही एका गळ्यात नांदायला अजून अवकाश होता.

त्याची सुरुवातीची एक तबकडी ज्या लहानशा कंपनीने काढली तिचं नाव होतं 'कॉन्फेडरेट'. यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेली राज्यं म्हणजे कॉन्फेडरेट. त्या शिक्क्याखाली एका कृष्णवर्णीय तरुणाचं गाणं बाजारात आलं. त्या काळच्या दक्षिणेत काय काय एकाच ताटात वाढलेलं असायचं, याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

मग आला १९६२. ओटिस तेव्हा जॉनी जेंकिन्स या गिटारवादकाच्या बँडमध्ये होता. जेंकिन्सला ध्वनिमुद्रणासाठी मेंफिसला जायचं होतं आणि त्याच्याकडे गाडी चालवायचा परवाना नव्हता. गाडी ओटिसने चालवली. मेंफिसच्या स्टुडिओतल्या लोकांना हा धिप्पाड मुलगा गाडीतून सामान उतरवताना दिसला, तो चालकच असणार असं त्यांना वाटलं. जेंकिन्सचं ध्वनिमुद्रण काही केल्या रंगेना. शेवटी साधारण चाळीस मिनिटं शिल्लक राहिली, आणि त्या उरलेल्या वेळात ओटिसला गायची संधी मिळाली. पहिलं गाणं लिटल रिचर्डच्या थाटाचं. ते कुणाला फारसं भिडलं नाही, तसा एक लिटल रिचर्ड जगात होताच. मग त्याने एक संथ गाणं म्हणायचं ठरवलं. गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर पियानोवर बसला, कारण नेहमीचा वादक निघून गेला होता. गाणं होतं 'दीज आर्म्स ऑफ माइन', ओटिसने स्वतः लिहिलेलं. त्यात नाट्य जवळजवळ नाही. एक माणूस म्हणतो, माझे हे हात एकटे आहेत. एवढंच, आणि ते तो असं म्हणतो की दुसऱ्याचं दुःख चोरून ऐकल्यासारखं वाटावं. ऑक्टोबर १९६२ मध्ये तबकडी आली. ती आठ लाखांहून जास्त खपली.

हा स्टुडिओ म्हणजे स्टॅक्स, आणि त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगायलाच हवं, कारण ओटिसचा आवाज जितका त्याच्या गळ्याचा होता तितकाच त्या खोलीचाही होता. जिम स्ट्युअर्ट दिवसा बँकेत नोकरी करायचा आणि हौसेने फिडल वाजवायचा. त्याची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन. तिने घर गहाण टाकून ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेतलं. दोघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून नाव झालं स्टॅक्स. दोघं गोरे, आणि कृष्णवर्णीयांच्या संगीताची त्यांना सुरुवातीला फारशी ओळखही नव्हती. मेंफिसच्या मॅकलेमोर ॲव्हेन्यूवर त्यांनी एक बंद पडलेलं सिनेमाघर भाड्याने घेतलं. खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच राहिला. जिथे पूर्वी खाऊचा स्टॉल होता तिथे एस्टेलने तबकड्यांचं दुकान थाटलं. मोहल्ल्यातली पोरं तिथे काय मागतात, कोणत्या गाण्यावर पाय हलवतात, हे ती बघायची आणि आत स्टुडिओत जाऊन सांगायची. आज ज्याला बाजारसंशोधन म्हणतात ते ही बाई काउंटरमागे उभी राहून करत होती.

घरचा बँड होता बुकर टी. अँड द एम.जी.ज. ऑर्गनवर बुकर टी. जोन्स, ड्रमवर अल जॅक्सन, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, आणि बेसवर पुढे डक डन. दोन काळे, दोन गोरे. बाहेर शहरात या चौघांना एका टेबलावर जेवणं मुश्कील होतं, आत ते रोज एकत्र संगीत घडवत होते. एकत्र भेटायला आणि गाणी लिहायला त्यांची एक हक्काची जागा होती, लोरेन मोटेल. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ती याच मोटेलच्या सज्जात.

स्टॅक्सचा ठेका ओळखायची सोपी खूण सांगतो. एक-दोन-तीन-चार असं मोजत राहा. आपल्या कानाला जोर समेवर, म्हणजे एकवर अपेक्षित असतो. सोलमध्ये टाळी पडते दोनवर आणि चारवर. याला बॅकबीट म्हणतात. स्टॅक्सच्या मंडळींनी त्यात आणखी एक गंमत केली : ती टाळी अगदी नखभर उशिरा पाडायची. क्रॉपरची गिटार आणि जॅक्सनचा ड्रम दोघंही मिळून तेवढेच मागे थांबतात. ऐकताना चूक वाटत नाही. उलट कुणीतरी खुर्चीत मागे रेलून बसल्यासारखा एक ऐसपैसपणा येतो, आणि गायकाला त्या फटीत श्वास घ्यायला जागा मिळते. त्याच काळात डेट्रॉइटची मोटाउन कंपनीही सोलच बनवत होती, पण तिथे काम इस्त्री केलेलं, व्हायोलिनांनी सजवलेलं. स्टॅक्सच्या कामाला घामाचा वास आहे. मला दोन्ही आवडतं, पण जीव स्टॅक्समध्ये गुंततो.

आता ओटिसची खरी करामत. त्याला स्वरलिपी लिहिता-वाचता येत नव्हती. ट्रम्पेटवाला वेन जॅक्सन आणि सॅक्सोफोनवाला अँड्र्यू लव्ह समोर उभे असत, आणि ओटिस त्यांच्या ओळी तोंडाने गाऊन दाखवायचा. कुठे फुंकर, कुठे धक्का, कुठे थांबायचं, सगळं गळ्यातून. वादक ते तसंच्या तसं उचलत. म्हणून त्याच्या गाण्यांतली पितळी वाद्यं साथ करत नाहीत, ती त्याच्याशी बोलतात. चर्चमध्ये मंडळी प्रवचनकाराला उत्तर द्यायची, त्या जागी इथे ट्रम्पेट उभं आहे. स्टॅक्सच्या गाण्यांत मागे गाणारा समूह क्वचितच असतो, कारण ते काम या वाद्यांनी अंगावर घेतलंय. १९६६ मध्ये त्याने चक्क या गुणगुणण्याचंच गाणं केलं, 'फा-फा-फा-फा-फा'. वाद्यांना शिकवायची अक्षरं तो स्वतःच गातो आणि वाद्यं त्याच्यामागून तीच वाजवतात.

गिटारही तो आपल्या पद्धतीनेच वाजवायचा. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवलेले तीन-चार स्वर. तारा अशा लावायच्या की बोट आडवं ठेवलं की मेजर कॉर्डच वाजावी. मेजर कॉर्डमध्ये शुद्ध गंधार असतो, त्यामुळे ती उजळ लागते. मायनरमध्ये कोमल गंधार, ती उदास. ओटिसने गिटारवर बांधलेल्या गाण्यांत दुःखही उजळ कॉर्डमधूनच येतं, कारण त्या गिटारवर सोपी तीच होती. पुढे याचा फार मोठा परिणाम झाला, त्याकडे येऊच.

१९६५ च्या जुलैत त्याने 'ओटिस ब्लू' हा अल्बम केला. ९ तारखेला सकाळी दहाला बसले, रात्री आठला उठले कारण वादकांना पोटापाण्याचे कार्यक्रम होते, पहाटे दोनला पुन्हा जमले आणि १० च्या दुपारपर्यंत काम संपवलं. अकरा गाणी. त्यातली तीन सॅम कुकची. कुक डिसेंबर १९६४ मध्ये गोळी लागून गेला होता, ३३ व्या वर्षी. ओटिस आपल्या पद्धतीने त्याला श्रद्धांजली वाहत होता. रात्रभर जागलेल्या माणसांच्या आवाजाला जी खरखर येते ती या अल्बममध्ये आहे, आणि मला तरी त्याचं त्याहून चांगलं काम दिसत नाही.

याच अल्बममध्ये 'रिस्पेक्ट' आहे. हे गाणं जग ओळखतं ते अरीथा फ्रँकलिनचं म्हणून, पण लिहिलं ओटिसने. त्याच्या गाण्यात दिवसभर राबून घरी आलेला पुरुष बायकोकडे मान मागतो. अरीथाने फेब्रुवारी १९६७ मध्ये ते ध्वनिमुद्रित करताना बाजू उलटवली. आता बाई मान मागत होती, आणि शब्दातलं एकेक अक्षर सुटं उच्चारून मागत होती. ओटिसचं गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या सर्वसाधारण यादीत ३५ व्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. अरीथाचं पहिल्या क्रमांकावर गेलं आणि काळ्या माणसांच्या व बायकांच्या हक्कांचं गाणं झालं. एका मुलीने माझं गाणं नेलं, असं ओटिस मंचावरून हसत हसत सांगायचा.

पैशाचं गणित इथे समजून घेण्यासारखं आहे. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल ज्याने केली त्याचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे ती विशिष्ट तबकडी ज्याच्या मालकीची त्याचा. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे फक्त रचनेच्या हक्काचे मिळतात, गायकाला त्यातलं काही नाही. म्हणजे अरीथाचं 'रिस्पेक्ट' तिथल्या रेडिओवर हजारो वेळा वाजलं, त्याचे पैसे गीतकार म्हणून ओटिसच्या घरी गेले, अरीथाला त्यातून काही मिळालं नाही. ओटिसला हे गणित लवकर कळलं होतं. व्यवस्थापक फिल वॉल्डनबरोबर त्याने रचनेचे हक्क सांभाळणारी स्वतःची प्रकाशन कंपनी काढली होती, रेडवॉल. मेकनजवळ राउंड ओक इथे त्याने सुमारे तीनशे एकरांचं शेत घेतलं, गुरं पाळली. बाप दुसऱ्याच्या जमिनीवर राबला होता. मुलाने चोविसाव्या वर्षाच्या आसपास स्वतःची जमीन केली. त्याच्या सगळ्या यशात मला हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

१९६७ चं वर्ष त्याचं होतं. वसंतात स्टॅक्सची सगळी मंडळी युरोपच्या दौऱ्यावर गेली. मेंफिसच्या स्टुडिओत साथीला वाजवणाऱ्या या वादकांना लंडनमध्ये लोक विमानतळावर घ्यायला आले. त्या वर्षी ब्रिटनच्या 'मेलडी मेकर' साप्ताहिकाच्या वाचकांनी जगातला सर्वोत्तम गायक म्हणून ओटिसला निवडलं. कितीतरी वर्षं ती जागा एल्व्हिस प्रेस्लीची होती.

आणि १७ जून १९६७, मॉन्टेरी. कॅलिफोर्नियातला हा संगीतमहोत्सव हिप्पी पिढीचा होता, प्रेक्षक जवळजवळ सगळे गोरे. (दुसऱ्या दिवशी दुपारी याच मंचावर पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ वाजवणार होते.) शनिवारची रात्र, वेळ उलटत चाललेली, पाऊस, लोक उठायच्या बेतात. ओटिस हिरव्या सूटमध्ये पळत आला. पाच गाणी गायला. शेवटचं 'ट्राय अ लिटल टेंडरनेस', आणि त्या शेवटच्या मिनिटात तो निघून जातो, परत येतो, पुन्हा त्याच अक्षरांवर स्वार होतो. चित्रफीत उपलब्ध आहे, जरूर पाहा. त्याला न ओळखणाऱ्या हजारो लोकांचं वीस मिनिटांत जे होतं ते तिथे दिसतं.

पण गळा थकला होता. इतकी वर्षं खोलातून उपसलेला आवाज फाटू लागला. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. त्या वर्षीच्या शरद ऋतूत शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवडे गाणं तर सोडाच, बोलणंही बंद. आरोळीवर नाव कमावलेला माणूस घरी मुका बसून राहिला. या काळाआधी उन्हाळ्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे सॉसलिटोला, एका तरंगत्या घरात तो काही दिवस उतरला होता. समोर पाणी, येणारी-जाणारी जहाजं. तिथे त्याला एका गाण्याच्या पहिल्या ओळी सुचल्या. शिवाय त्या दिवसांत तो बीटल्सचा नवा अल्बम पुन्हा पुन्हा ऐकत होता. आपलं गाणं आता वेगळीकडे न्यावं असं त्याच्या मनात होतं.

नोव्हेंबरमध्ये आवाज परत आला, आधीपेक्षा स्वच्छ. ओटिस आणि क्रॉपरने ते अर्धवट गाणं पुरं केलं आणि झपाट्याने इतरही बरीच गाणी ध्वनिमुद्रित केली. '(सिटिन ऑन) द डॉक ऑफ द बे'. यात एकही आरोळी नाही. जॉर्जियाचं घर सोडून दोन हजार मैल आलेला एक माणूस धक्क्यावर बसून लाटा बघतोय, काहीच बदलत नाही म्हणतोय. आणि कॉर्ड सगळ्या मेजर, सगळ्या उजळ. उदास माणसाच्या तोंडावर संध्याकाळचं ऊन पडावं तसं काहीतरी होतं ते. शेवटी शब्द संपतात, नेहमीसारखे. पण या वेळी 'गॉटा-गॉटा' नाही. तो शीळ घालतो.

स्टॅक्समध्ये सगळ्यांना ते पटलं नव्हतं. जिम स्ट्युअर्टला ते ओटिसचं वाटेना, बेसवाल्या डक डनलाही शंका होती. ओटिस मात्र ठाम होता.

९ डिसेंबरला क्लीव्हलंडमध्ये कार्यक्रम झाला. १० डिसेंबरला तो स्वतःच्या लहान बीचक्राफ्ट विमानाने विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला निघाला. बरोबर बार-केज हा त्याचा बँड, सगळी अठरा ते वीस वर्षांची पोरं. हवा खराब होती, धुकं आणि पाऊस. दुपारी साडेतीनच्या सुमारास, धावपट्टी काही मैलांवर असताना विमान मोनोना तळ्याच्या गोठत्या पाण्यात कोसळलं. कारण कधीच निश्चित झालं नाही. आठ जणांपैकी सात गेले : ओटिस, बँडमधले चौघं, एक मदतनीस आणि वैमानिक. ट्रम्पेटवाला बेन कॉली एकटा वाचला. तो झोपेतून जागा झाला, पट्टा सोडवला आणि खुर्चीची गादी छातीशी धरून पाण्यावर राहिला. त्याला पोहता येत नव्हतं. आजूबाजूला मित्र हाका मारत होते आणि त्याला त्यांच्यापर्यंत जाता येत नव्हतं. बेसवाला जेम्स अलेक्झांडर वाचला, कारण विमानात जागा नव्हती आणि तो वेगळ्या विमानाने येत होता. पुढे या दोघांनी बार-केज पुन्हा उभा केला.

१८ डिसेंबरला मेकनच्या सभागृहात अंत्यविधी झाला. जागा तीन हजारांची, आले साडेचार हजार लोक. पुरलं त्याला त्याच्याच शेतात.

इकडे मेंफिसमध्ये क्रॉपरवर गाण्याचं शेवटचं मिश्रण पुरं करायचं काम येऊन पडलं होतं. मित्र गेलेला, आणि कानात त्याचा आवाज. त्याने त्यात लाटांचा आणि समुद्रपक्ष्यांचा आवाज घातला. ८ जानेवारी १९६८ ला तबकडी बाजारात आली, आणि १६ मार्चला अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. गायकाच्या मृत्यूनंतर पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते तिथलं पहिलं गाणं. जिवंतपणी ओटिसला ती जागा एकदाही मिळाली नव्हती.

स्टॅक्सवर त्याच वर्षी दुसरा घाव बसला. त्यांच्या तबकड्या देशभर पोचवायचं काम न्यूयॉर्कची अटलांटिक कंपनी करत असे. १९६५ च्या लेखी करारात एक कलम होतं : जे अटलांटिकने वितरित केलं त्याच्या मूळ ध्वनिफितींची मालकी अटलांटिकची. जिम स्ट्युअर्टने विश्वासावर सही केली होती, बारकाईने न वाचता. अटलांटिक विकली गेली तेव्हा, १९६८ मध्ये, ते कलम समोर आलं. ओटिसची सगळी ध्वनिमुद्रणं एका फटक्यात स्टॅक्सच्या हातून गेली. कंपनी त्यानंतरही काही वर्षं जोमात चालली, पण १९७५ च्या अखेरीस दिवाळ्यात निघाली. ते उतरत्या जमिनीचं सिनेमाघर १९८९ मध्ये पाडलं. २००३ मध्ये त्याच जागी तसंच्या तसं पुन्हा बांधून संग्रहालय केलं.

झेल्मा, ओटिसची बायको, मुलांना घेऊन राउंड ओकच्या त्या शेतावरच राहिली. १९६१ मध्ये तिचं लग्न झालं तेव्हा नवऱ्याकडे काहीच नव्हतं. नवरा गेल्यावर तिने त्याच्या गाण्यांचे हक्क, पैसे, नाव, सगळं स्वतः सांभाळलं, आणि २००७ मध्ये मुलांच्या संगीतशिक्षणासाठी त्याच्या नावाने संस्था काढली. डेक्स्टर आणि ओटिस तिसरा या मुलांनी मोठं झाल्यावर 'द रेडिंग्ज' नावाचा बँड काढला. वडील गेले तेव्हा ओटिस तिसरा पुरता चार वर्षांचाही नव्हता. १९८२ मध्ये या भावांनी स्टुडिओत जाऊन 'डॉक ऑफ द बे' गायलं.